थंडी कमी झाल्यावर

माझी नात दोन महिने आधी जन्मली. मुलगी सातवा सरल्यावर बाळंतपणासाठी माझ्याकडे, सहकारनगरच्या फ्लॅटवर, यायची होती. मी डोहाळजेवणाची साडी आणून ठेवली होती, बायकांना आमंत्रणंही झाली होती. त्याच आठवड्यात तिच्या पायांवर सूज आली, ब्लडप्रेशर चढलं, आणि नुसती तपासणीला म्हणून गेलेली मुलगी घरी न येता तिथूनच ऑपरेशनला गेली. नोव्हेंबर महिना होता. बाळाचं वजन तेराशे ग्रॅम भरलं. जन्मभर किराणा मीच आणत आले, त्यामुळे तेराशे ग्रॅम म्हणजे केवढं ते हाताला लगेच कळलं.

मी चौतीस वर्षं मुलींच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. दाखले, प्रवेशअर्ज, जन्मतारखा. अर्जातला एक रकाना रिकामा असला तरी मी पालकांना परत पाठवत असे आणि त्याचा मला अभिमान होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कागद वाचता न येणाऱ्या बाईच्या हातून झालं असं कुणाला वाटू नये.

घरात मी एकटीच. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. जावई वऱ्हाडातले, हडपसरला कंप्युटरच्या कंपनीत नोकरी, स्वभावाने अबोल. त्यांच्या आई अकोल्याला, गुडघ्यांनी बेजार. त्यामुळे बाळबाळंतीण माझ्याकडे येणार हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती.

बाळ चार आठवडे काचेच्या पेटीत होतं. आम्ही रोज जायचो, हात कोपरापर्यंत धुवायचो आणि काचेतून बघून परत यायचो. शेवटच्या आठवड्यात तिथे डोळ्यांचे डॉक्टर आले. वेळेआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तपासतात म्हणे. आईला आत जाऊ देत होते, मी बाहेर बाकावर बसले. दहा मिनिटांनी मुलगी बाहेर आली ती भिंतीला धरून.

"पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा लावतात, आई," ती म्हणाली. "एवढ्याशा डोळ्यांना. तिचं रडणं बाहेर ऐकू आलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. ऐकू आलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने आम्हा तिघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. पहिली पंधरा मिनिटं ती उबेबद्दल बोलली. या बाळांच्या अंगात चरबी नसते, स्वतःची ऊब त्यांना धरून ठेवता येत नाही, टोपडं-मोजे काढायचे नाहीत, आंघोळ घालायची नाही, नुसतं पुसून घ्यायचं, बाळाला उघड्या छातीशी धरायचं, आईने आणि वडिलांनीही. मी मान हलवत होते. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. मग तिने एक कागद पुढे केला.

"डोळ्यांचा पडदा अजून पूर्ण वाढलेला नाही," ती म्हणाली. "अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात. बघत राहावं लागतं. येत्या मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. हे चुकवू नका." तारखेखाली तिने लाल पेनने दोन रेघा ओढल्या.

तो कागद जावयांनी माझ्या हॉलमधल्या कपाटावर चिकटपट्टीने लावला.

सिस्टरने सांगितलेलं बाकी सगळं मी पाळलं. शेजारणीने पाठवलेल्या मालीशवालीला मी दारातूनच परत पाठवलं. ओव्याची धुरी दिली नाही, गुटी दिली नाही. बाळाच्या खोलीच्या खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. संध्याकाळी जावई ऑफिसातून आले की हातपाय धुऊन शर्टाची बटणं उघडून बाळाला छातीशी घेऊन हॉलमध्ये बसायचे. सासूच्या देखत असं बसायला ते पहिले दोन दिवस फार ओशाळले. मी स्वयंपाकघरात कामं काढायचे. एकदा डोकावून बघितलं तर ते डोळे मिटून बसले होते आणि बाळाचं टोपडं त्यांच्या हनुवटीखाली वरखाली होत होतं. आपण सगळं नीट करतो आहोत असं मला त्या दिवशी वाटलं.

मंगळवार आला तो कडाक्याची थंडी घेऊन. सकाळी समोरची इमारत धुक्यात दिसेनाशी झाली होती. खाली वॉचमनने पाचोळा पेटवला होता आणि दूधवाला मफलरमधून बोलत होता. जावई सुट्टी घेऊन आठलाच हजर झाले.

"आई, मी गाडी बोलावतो. काचा बंद करून जाऊ, दहापर्यंत पोचायचंय," ते म्हणाले.

"काचा गाडीच्या बंद कराल. पुढे काय?" मी म्हटलं. "तिथे दोन-दोन तास बसावं लागतं. शंभर माणसं खोकत असतात. दीड किलोचं पोर आहे ते."

"सिस्टर म्हणाल्या होत्या चुकवू नका."

"त्याच सिस्टर म्हणाल्या होत्या थंडी लागता कामा नये. डोळे कुठे पळून जात नाहीत. आठ दिवसांनी जाऊ."

ते मुलीकडे बघत राहिले. ती पलंगावर बसून बाळाला चमच्याने दूध पाजत होती. तिने मान वर केली नाही. "आई म्हणते तर थांबू या ना जरा," ती म्हणाली. जावयांनी बूट घातले आणि ते ऑफिसला निघून गेले. सुट्टी फुकट घालवायची नाही म्हणाले.

मी हे का केलं ते सांगायचं तर पस्तीस वर्षं मागे जावं लागेल.

माझं पहिलं मूल मुलगा होता. जानेवारीत, तो बावीस दिवसांचा असताना, माझ्या भावाचं लग्न होतं. सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ बाहेर काढायचं नाही. मला भावाचं लग्न चुकवायचं नव्हतं. यजमान म्हणाले, रिक्षाने जाऊ आणि दोन तासांत परत येऊ. शालीत गुंडाळून मी त्याला नेलं. कार्यालयात सगळ्यांनी त्याला हातात घेतलं, मीही कौतुकाने देत होते. चौथ्या दिवशी त्याची छाती उडायला लागली. दवाखान्यात नेलं, तिथे तो दोन दिवस होता. मग संपलं.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की हे थंडीमुळेच झालं असं नाही, लग्नात कुणीतरी खोकत असेल, संसर्ग झाला असेल. हे वाक्य मी ऐकलं आणि विसरले. सासूबाई काही दिवसांनी स्वयंपाकघरात मला एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं." पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांना गरजही पडली नाही. ते दोन शब्द मी रोज स्वतःच म्हणत होते. दोन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा मी तिला तीन महिने उंबऱ्याबाहेर काढलं नाही, आणि ती जगली. मी त्यातून काय शिकायचं ते शिकून बसले होते.

बुधवारी दवाखान्यातून फोन आला. मुलगी बाळाला घेऊन बसली होती म्हणून तिचा फोन मी उचलला. एक मुलगी बोलत होती, आवाजावरून विशीतली असावी. "मॅडम, काल तुमच्या बाळाची तपासणी होती, तुम्ही आला नाहीत."

मी तिला म्हटलं, "थंडी किती आहे बघताय ना? पुढच्या आठवड्यात येऊ." मग मी मुलीला सांगितलं. ती बरं म्हणाली.

पुढच्या आठवड्यात थंडी वाढली. पेपरात रोज पारा उतरल्याच्या बातम्या. वरच्या मजल्यावरच्या दोन वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलं होतं. त्याची आजी जिन्यात भेटली की मला तपशीलवार सांगायची आणि मी तो तपशील घरी येऊन मुलीला सांगायचे. दुसरा मंगळवार तसाच गेला. जावयांनी त्या वेळी फोनवर विचारलं, मी तेच उत्तर दिलं. त्यांनी हुज्जत घातली नाही. त्यांच्या घरी मोठ्यांशी हुज्जत घालायची पद्धत नाही आणि मी त्याचा फायदा घेतला, हे आता म्हणता येतं.

गुरुवारी पुन्हा फोन आला. मुलगी झोपली होती, बाळही झोपलं होतं. फोन माझ्या हाताशी होता. दवाखान्यातली तीच मुलगी.

"आजी, हे टाळण्यासारखं नाहीये. डॉक्टरांनी मुद्दाम फोन करायला सांगितलंय. उशीर झाला तर काही करता येत नाही."

"अहो, बाळाला घेऊन आम्ही सहलीला निघालेलो नाही," मी म्हटलं. "थंडी कमी झाल्यावर येऊ. घरात मोठी माणसं आहेत, आम्हाला कळतं."

"बरं आजी" म्हणून तिने फोन ठेवला. मुलगी उठल्यावर मी तिला चहा दिला. फोनचं सांगितलं नाही. उगाच घाबरेल, दूध आटेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिने जाऊ या म्हटलं असतं तर मला पुन्हा वाद घालावा लागला असता आणि या खेपेला माझ्याकडे फारसं काही बोलायला नव्हतं.

तिसराही मंगळवार गेला. मी सव्वा महिना बाळ घरी आलं त्या दिवसापासून मोजायला घेतला होता. दवाखान्यातले दिवस मी धरलेच नाहीत.

जानेवारीत थंडी जराशी ओसरली. वजन बघायला म्हणून आम्ही बाळाला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वजन छान वाढलं होतं. सव्वादोन किलो. डॉक्टरांनी मुलीची पाठ थोपटली, मग फाइल उलटताना विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणाले?"

मुलगी बाळाचं टोपडं नीट करू लागली. शेवटी जावई म्हणाले, "नेलंच नाही अजून."

डॉक्टरांनी फाइल मिटली, आमच्यासमोरच फोन लावला आणि म्हणाले, "इथून घरी जाऊ नका. सरळ तिकडे जा."

ऊन चांगलं पडलं होतं त्या दिवशी. गाडीत बाळाच्या कपाळावर घाम आला म्हणून मी टोपडं सैल केलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात अशा बाळांसाठी वेगळी खोली होती. रांगेत सात-आठ बायका दुपट्यात गुंडाळलेली बाळं घेऊन बसल्या होत्या. एक जण लोणी काळभोरहून पहाटेची बस धरून आली होती, एक येरवड्याहून. त्यांच्या हातातली बाळं आमच्या बाळापेक्षाही लहान होती. शंभर खोकणारी माणसं तिथे नव्हती. बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकले, थोड्या वेळाने पुन्हा टाकले, आणि मुलगी फाइल घेऊन बाळासोबत आत गेली. जावईही गेले. मी बाहेर थांबले.

त्यांना बाहेर यायला फार वेळ लागला. मग मलाही आत बोलावलं. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे, पण तिथे लेसर करता येईल. आजच करू या. उजव्यासाठी ऑपरेशन करून बघू, पण फार आशा ठेवू नका."

"तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर?" जावयांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तेव्हा दोन्ही डोळ्यांना लेसर केलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. आणि त्या कागद भरायला लागल्या.

डावा डोळा वाचला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर पट्टी, थेंब, फेऱ्या, सगळं झालं, आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी त्या डोळ्याला दिसणार नाही असं सांगितलं. मुलगी तेव्हा माझ्याकडेच राहत होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिने बाळाला दूध पाजलं, कपडे बदलले, स्वतः जेवली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मी त्या दोन शब्दांची वाट बघत होते, किंवा त्यांच्या जागी जे काही असेल त्याची. तिने मला लोणचं आहे का विचारलं.

एप्रिलमध्ये ते हडपसरला स्वतःच्या घरी गेले. गेल्यावर कपाटावरचा कागद मी काढला. चिकटपट्टीने कपाटाचा रंग निघाला, तिथे चार पांढरे ठिपके राहिले. रंगवाल्याला बोलवायचं म्हणते, अजून बोलावलेला नाही.

नात वाढत गेली. सहाव्या महिन्यात तिला चष्मा लागला, इलास्टिकने डोक्यामागे बांधायचा, जाड काचांचा. ती उशिरा रांगली, उशिरा चालली. दारातून जाताना उजवीकडची चौकट तिच्या खांद्याला लागायची. हळूहळू ती पूर्ण मान वळवून डाव्या डोळ्याने बघायला शिकली. गोड पोरगी आहे. बडबडी आहे. मी दर रविवारी बसने हडपसरला जायचे, तिला गोष्टी सांगायचे, तिच्यासाठी मोठी चित्रं असलेली पुस्तकं शोधायचे. रस्त्यात कुणी "अगंबाई, एवढ्या लहानपणी चष्मा? मोबाइल बघते का फार?" असं विचारलं की मुलगी "हो, फार बघते" म्हणून पुढे चालू लागायची. असं तुटक बोलायची सवय तिने माझ्याकडूनच उचलली आहे. पण मला ती कधी तसं बोलली नाही. माझ्याशी ती नेहमी नीट बोलायची, आणि मला तेच सोसवत नव्हतं.

जावई मला पूर्वीसारखेच नमस्कार करायचे. फक्त पूर्वी बाळ हातात असताना मी पुढे झाले की ते लगेच माझ्याकडे द्यायचे. आता आधी मुलीकडे बघायचे.

नात चार वर्षांची होत आली तेव्हा मुलीला पुन्हा दिवस गेले. तारीख जानेवारीची निघाली. या वेळी ब्लडप्रेशर ठीक होतं, सगळं ठीक होतं. मी मनात तयारी सुरू केली. आतल्या खोलीचा पलंग खिडकीपासून लांब सरकवला, जुनी मऊ लुगडी काढून धुतली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. नात बाहेर तिच्या वडिलांबरोबर होती.

"या खेपेला मी इथेच राहणार आहे, आई," ती म्हणाली. "सासूबाई येतायत. दवाखानाही इथून जवळ पडतो."

"त्यांचे गुडघे?"

"आता बरे आहेत."

मी बरं म्हटलं. थोडी मेथी निवडली. मग मला राहवेना. चार वर्षं जे गिळून बसले होते ते त्या वेळी आपोआप तोंडावाटे आलं.

"तुला एक सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "त्या वेळी दवाखान्यातून फोन दोनदा आला होता. दुसऱ्यांदा आलेला मी तुला सांगितला नाही. ती मुलगी म्हणाली होती, उशीर झाला तर काही करता येत नाही. तरी मी नाही म्हटलं."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. 'आजींशी बोलणे झाले, थंडी कमी झाल्यावर येऊ म्हणाल्या.' तारीख, वेळ, सगळं. पहिल्याच दिवशी वाचलं, तू बाहेर बसली होतीस तेव्हा."

"आणि चार वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं?"

तिने काड्या एका बाजूला केल्या, पानं चाळणीत टाकली.

"पहिल्या फोनचं तर तू सांगितलं होतंस ना मला," ती म्हणाली. "कागद कपाटावर होता. लाल रेघा होत्या. मी रोज बघत होते तो. तू नको म्हणालीस की मला सुटल्यासारखं वाटायचं. तो चिमटा परत बघायला नको, तिचं ते रडणं ऐकायला नको. तू ठरवतेयस, मी कशाला बोलू, असं."

"तू बाळंतीण होतीस. तुझ्या अंगात त्राण नव्हतं."

"मी आई होते," ती म्हणाली. तिने हे फार शांतपणे म्हटलं, जसं एखाद्याला पत्ता सांगावा. "तू जवळ असलीस की मी तुझ्यावर सोडते. म्हणून या खेपेला नको. तुझा राग म्हणून नाही."

शेवटचं वाक्य खरं होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मीही तिला माझ्या मुलाची, तिच्या भावाची, गोष्ट सांगणार होते. तिला तो होऊन गेला एवढंच माहीत होतं, बाकी काही नाही. पण ते सांगितलं असतं तर ते कारण दिल्यासारखं झालं असतं. मी चाळणी उचलून नळाखाली धरली.

मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, तीन किलोचा, चांगला रडणारा. मी रोज सकाळी बसने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. घराचा ताबा विहीणबाईंकडे होता. बाई मायाळू आहेत, हात चालता आहे. त्या मला चहा द्यायच्या आणि मी पाहुणीसारखा घ्यायचे.

आठव्या दिवशी बाळाची कावीळ बघायला डॉक्टरांनी बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा बाहेर धुकं होतं, समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या दिवे लावून चालल्या होत्या. मुलगी बाळाला झबल्यावर स्वेटर चढवत होती आणि जावई खाली गाडी आणायला गेले होते.

"कायले नेता वो लेकराले इतक्या थंडीत?" विहीणबाई म्हणाल्या. "दोन दिवसानं न्या. कुठं पयून चाल्लं?"

मुलगी टोपड्याची नाडी बांधत राहिली. तिने सासूकडे बघितलं नाही आणि माझ्याकडेही नाही. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी तरी सांगा तिले. तुमचं ऐकते ते."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी उभी असलेली बाई मला चांगली माहीत होती.

"जाऊ द्या त्यांना," मी म्हटलं. "डॉक्टरांनी आजची तारीख दिलीय."

विहीणबाईंना ते लागलं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मुलगी बाळाला शालीत घेऊन निघाली. दारात तिने चपला सरकवल्या तेव्हा मी शालीचं टोक बाळाच्या कानावर ओढायला हात पुढे केला होता. तिने ते आधीच ओढलं. लिफ्ट आली, ती गेली.

नातीला घेऊन मी बाल्कनीत उभी राहिले. तिने कठड्याच्या गजांना धरून मान पूर्ण उजवीकडे वळवली आणि डाव्या डोळ्याने खाली बघितलं. पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडत होती. धुक्यात ती मलाही नीट दिसत नव्हती.

"गेले का?" तिने विचारलं.

"गेले."

"मला नाही दिसले."

तिला आत घेऊन मी दूध गरम करून दिलं. तिने पुस्तक आणलं, ते वाचलं. विहीणबाई आल्या, आमच्याजवळ बसल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. अकराच्या सुमाराला ऊन आलं. बाराला ते तिघे परत आले. कावीळ किरकोळ होती, औषधाची गरज नाही म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं होतं. मुलीने बाळ माझ्याकडे दिलं आणि ती हात धुवायला गेली. त्याचे गाल गार लागत होते. मी त्याला दुपट्यात घेऊन बसून राहिले.